भिंत कुणाची, जाहिरात कुणाची?

तुमच्या घराजवळची रंगवलेली एखादी भिंत आठवून पाहा. काय आहे तिच्यावर? कपडे धुण्याची पावडर, सिमेंट, कोचिंग क्लासचा फोन नंबर, नाहीतर निळ्या अक्षरात ‘येथे कचरा टाकू नये’ आणि त्याच्याच खाली कचऱ्याचा ढीग. माझ्या लहानपणापासून मी अशाच भिंती बघत आले. भिंतीवर चित्र काढणं हा माझ्या घरातला वादाचा विषय होईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मागच्या वर्षी तो झाला. तीन पिढ्या त्यात ओढल्या गेल्या, आणि त्यात माझीही एक चूक झाली. तीच तुम्हाला सांगायची आहे.

मी भिलाईची. छत्तीसगडमधलं पोलादाचं गाव. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली धमनभट्टी सुरू झाली आणि देशभरातून माणसं इथे आली. बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी, ओडिया, आणि विदर्भातून आमच्यासारखी. माझे बाबा भंडाऱ्याकडचे. १९६५ साली एक पत्र्याची पेटी आणि दोन ब्रश घेऊन रेल्वेने आले आणि कारखान्यात पेंटर म्हणून लागले. यंत्रांवर, खांबांवर, दारांवर अक्षरं लिहायची हे त्यांचं काम. ‘चश्मा पहनिए’, ‘हेल्मेट पहनिए’, ‘रुकिए, देखिए, चलिए’. निवृत्त होईपर्यंत त्यांनी किती पाट्या लिहिल्या असतील, त्यांनाच ठाऊक नाही. आज वय ऐंशीच्या पुढे आहे, हात थोडा थरथरतो. पण नीळ लावलेली सुतळी भिंतीवर ताणून टपकन सोडली की उमटणारी रेघ आजही ओळंब्यासारखी सरळ.

माझी लेक चोवीस वर्षांची. चित्रकलेची पदवी घेतली आणि चार मित्रमैत्रिणींबरोबर एक गट केला. एकजण आयटीआयमधून वेल्डिंग शिकलेला, एक तेलुगू मुलगी फोटो काढते, एक बंगाली मुलगा दुर्गापूजेच्या मंडपांची सजावट करत वाढलेला, आणि एक जवळच्याच गावातली छत्तीसगढी मुलगी, जिचा हात मातीच्या भिंतीवर बोटांनी नक्षी काढण्यात तयार झालेला. म्हटलं तर मिनी भिलाई. रस्त्यावर, लोकांच्या रोजच्या वाटेवर कला आणायची, आणि त्यासाठीचे पैसे जाहिरात करू इच्छिणाऱ्या दुकानांकडून, कंपन्यांकडून मिळवायचे, असा त्यांचा विचार.

‘‘म्हणजे जाहिरातच ना?’’ मी विचारलं.

‘‘अगं आई, नुसती वाचायची जाहिरात नाही. लोकांना अनुभव देणारी.’’

मला तेव्हा ते नीटसं कळलं नव्हतं. तुम्हालाही कळलं नसेल, तर दोन उदाहरणं सांगते.

पोळीवरची आणि पावसातली जाहिरात

२०१३ साली प्रयागच्या महाकुंभात हात धुण्याच्या साबणाची एक गंमत झाली होती. लाइफबॉयने तिथल्या ढाब्यांमध्ये पोळ्यांवर गरम छाप मारले. ताटात पोळी आली की तिच्यावर उमटलेलं दिसायचं, ‘लाइफबॉय से हाथ धोये क्या?’ अशा २५ लाखांच्या आसपास पोळ्या वाढल्या गेल्या. घास मोडायच्या नेमक्या क्षणी आठवण! टीव्हीवर शंभर वेळा सांगून जे होत नाही, ते एका पोळीने केलं.

दुसरं उदाहरण पावसाचं. २०२३ साली विजयवाड्यात ताजमहाल चहाने एक भलंमोठं फलक उभं केलं, संतूरसारखं तारा लावलेलं. पाऊस पडला की पाण्याच्या जोराने छोट्या हातोड्या हलायच्या, तारांवर पडायच्या आणि मेघ मल्हारचे सूर निघायचे. माणसं छत्री मिटून ऐकत उभी. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. चहाचं नाव कोपऱ्यात होतंच, पण लोकांच्या लक्षात राहिला तो पाऊस.

आणि खरं सांगायचं तर आपल्याला हे नवीन कुठे आहे? सार्वजनिक गणपतीच्या कमानी आठवा. देखावा मंडळाच्या पोरांनी रात्र रात्र जागून केलेला, आणि त्याच्या वाटेवर सराफाची, साडीच्या दुकानाची, मसाल्याची कमान. इथे भिलाईतही आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत कुणा ना कुणाच्या दुकानाचं नाव पडद्यावर असायचंच. आरती म्हणताना आम्हाला त्याचं कधी काही वाटलं नाही. वर्गणी कोण देणार, हा प्रश्न कलेला पहिल्यापासून आहे.

आमचं गाव तर कलेला आणि कारखान्याला एकत्रच बघत आलंय. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई याच भिलाईच्या कारखान्यात नोकरीला होत्या. सिव्हिक सेंटरला नेहरू आर्ट गॅलरी आहे. तिथेच शिल्पकार अंकुश देवांगन यांनी घडवलेला कृष्ण-अर्जुनाचा रथ आहे. पाहुणे आले की आम्ही त्यांना मैत्री बागेतले प्राणी दाखवतो आणि येताना रथासमोर फोटो काढतो. त्या रथाचं तिकीट नाही, वेळ नाही. भाजीची पिशवी हातात घेऊनही तो बघता येतो. सार्वजनिक कला म्हणजे मला एवढंच माहीत होतं.

साठ हजारांचं काम

मागच्या वर्षी जुलैत लेक उड्या मारतच घरी आली. एका थंड पेयाच्या कंपनीसाठी काम करणाऱ्या जाहिरात संस्थेने त्यांच्या गटाला विचारलं होतं. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा. भिलाईत तो दिवस म्हणजे दिवाळीच. त्या निमित्ताने बाजाराजवळ एक मोठी भिंत रंगवायची होती. भिंतीवर भट्टीसमोर उभा असलेला कामगार, कपाळावर घाम, हातात पेयाची बाटली. आणि भिंतीपुढे एक खोली. आत शिरलं की गरम हवेचा झोत, तांबडा उजेड, भट्टीचा आवाज. अर्धा मिनिट ‘भट्टीचा अनुभव’ घ्यायचा, मग दार उघडणार आणि समोर गारेगार बाटली. कल्पना हुशार होती, हे मला आजही मान्य आहे.

मानधन साठ हजार, पाचजणांत मिळून. पंधरा हजार आगाऊ आले. लेकीची पहिली खरी कमाई! ‘चित्रं काढून पोट भरतं का?’ असं विचारणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला मी मनातल्या मनात फोन लावला.

त्या रात्री तिने कच्चं चित्र जेवणाच्या टेबलावर पसरलं. बाबांनी चष्मा लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘हा माणूस काय करून राहिला इथं?’’

‘‘भट्टीवर काम करतोय आजोबा.’’

‘‘याचा चष्मा कुठाय? हातमोजे? डोक्यावर काही नाही. भट्टीसमोर असा उघड्या तोंडानं उभा राहते का कोणी? आन् हातात बाटली?’’

‘‘जाहिरात आहे हो आजोबा. चेहरा दिसायला हवा.’’

‘‘मी जलमभर काय लिहिलं मग?’’ बाबा म्हणाले. ‘‘चश्मा पहनिए, असंच लिहिलं नं? तू त्याच्यावर पोचारा मारून राहिली.’’

आणि इथे माझी चूक झाली. मी बाबांना म्हटलं, ‘‘तुम्ही यात बोलू नका. तिला मोठी संधी मिळाली आहे. तुमचा काळ वेगळा होता.’’

बाबा उठून आत गेले. ताटातली भाजी तशीच राहिली.

तुमच्याही घरात असं होत असेल. मुलांच्या बाजूने उभं राहायच्या नादात आपण म्हाताऱ्या माणसाला ‘तुमचा काळ’ म्हणून एका वाक्यात घरातल्या घरात निवृत्त करून टाकतो. बाबा काळाचं काही बोलतच नव्हते. ते कामाचं बोलत होते. त्या टेबलावर बसलेल्यांत भट्टी जवळून पाहिलेले ते एकटेच होते.

कोळणींचे चेहरे

माझ्यापेक्षा लेकीला ते लवकर कळलं. ती रात्रभर जागी होती. सकाळी मला तिने फोनवर काही चित्रं दाखवली आणि विचारलं, ‘‘आई, तुला ससून डॉक आठवतं?’’

आठवत होतं. २०१७ च्या डिसेंबरात आम्ही मुंबईला नणंदेकडे गेलो होतो तेव्हा ती हट्टाने घेऊन गेली होती. तेव्हा ती शाळेत होती. १८७५ चा तो मासळीचा धक्का, नाकात शिरणारा वास, ओल्या फरश्या. स्टार्ट इंडिया या कलाकारांच्या संस्थेने एशियन पेंट्सच्या साथीने तिथे दोन महिने कलाप्रदर्शन भरवलं होतं. गोदामांच्या भिंतींवर तिथल्याच कोळणींचे मोठमोठे चेहरे. चेहरे कसे, तर अगदी रोजचे. नटवलेले नाहीत, कसनुसं हसवलेले नाहीत. खाली कोलंबी सोलत बसलेल्या बायका आणि वर भिंतीवर त्याच. एक आजी आपल्या ओळखीच्या चेहऱ्याकडे बोट दाखवून कुणाला तरी हसत काही सांगत होती, ते मला अजून दिसतं.

‘‘तिथेही रंगाची कंपनी होती,’’ लेक म्हणाली. ‘‘पण त्या बायकांच्या हातात कुणी रंगाचा डबा दिला नव्हता.’’

याच संस्थेने दिल्लीच्या लोधी कॉलनीत सरकारी घरांच्या भिंतींवर पन्नासहून जास्त चित्रं करवून घेतली. वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर रंजित दहिया यांनी रंगवलेले भलेमोठे दादासाहेब फाळके तुमच्यापैकी मुंबईकरांनी पाहिले असतील. तेही २०१४ साली याच संस्थेच्या उत्सवात झालेलं काम.

तिच्या संस्थापकांपैकी एक होते हनीफ कुरेशी. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले आणि आधी जाहिरात क्षेत्रातच नोकरी केलेले. त्यांचं आणखी एक काम लेकीने मला त्या दिवशी सांगितलं. गल्लोगल्लीचे पाट्या रंगवणारे पेंटर फ्लेक्स आल्यावर बेकार होऊ लागले, तेव्हा कुरेशींनी त्यांच्या हातची अक्षरं गोळा केली आणि त्यांचे संगणकावर वापरता येतील असे फाँट बनवले. फाँटला नाव त्या पेंटरचंच. २०२४ मध्ये ते गेले. हे ऐकताना आतल्या खोलीत बाबांच्या खोकल्याचा आवाज येत होता. ज्या अक्षरांसाठी कुणी देशभर फिरलं, ती अक्षरं लिहिणारा माणूस माझ्या घरात होता आणि मी त्याला गप्प बसवलं होतं.

लेकीने चित्र बदललं. चकचकीत चंदेरी कोट, तोंडावर पारदर्शक ढाल, जाड हातमोजे. भट्टीवरचा माणूस खरोखर दिसतो तसा. बाबांनी त्यात दोन चुका दाखवून दिल्या, त्याही सुधारल्या. चित्र आधीपेक्षा जास्त दमदार झालं होतं. ढालीच्या काचेत वितळलेल्या लोखंडाचा उजेड पडलेला.

संस्थेचं उत्तर आलं. चेहरा दिसत नाही, भावना पोचत नाही, बाटली धरायला हात मोकळा हवा. फार तर कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘सुरक्षा साधने वापरा’ लिहू.

मग त्या पाच मुलांची आमच्या गच्चीवर बैठक झाली. मी चहा घेऊन वर गेले तेव्हा वेल्डिंगवाला मुलगा बोलत होता. ‘‘तुम्हाला बारा हजार म्हणजे काही नसेल. माझ्या घरी त्यावर दोन महिन्यांचं भाडं निघतं. शेवटी चित्रच आहे ते.’’ त्याचं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. मूल्यं जपायला खिशात काहीतरी असावं लागतं. तिघांनी नको म्हटलं, दोघांना काम हवं होतं. शेवटी पंधरा हजार परत गेले. तो मुलगा मात्र गट सोडून गेला.

भिंत दुसऱ्या कुणीतरी रंगवली. मी बघायला गेले, लपवत नाही. रांगेत उभी राहून त्या गरम खोलीतही शिरले. मजा आली. बाहेर आल्यावर बाटली मिळाली, सेल्फी झाला. लहान मुलं पुन्हा पुन्हा आत जात होती. रांगेत माझ्यामागे एक निवृत्त गृहस्थ होते. बाहेर आल्यावर बायकोला हसत म्हणाले, ‘‘अर्ध्या मिनिटाला बाटली देतात, आपण आठ तास करत होतो.’’ त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पण घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

चार दिवसांनी खोली उचलून नेली. दिवाळीच्या आधी त्या कामगारावर कोचिंग क्लासची जाहिरात आली होती.

सायकलच्या दुकानाची भिंत

यानंतर मुलं गप्प बसली असती तर मी हा लेख लिहिला नसता.

सुपेल्यात, जिथे रविवारी मोठा बाजार भरतो त्या बाजूला, एक जुनं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याची एक लांबलचक भिंत रस्त्याला लागून. दुकानदाराने होकार दिला आणि मुलांनी तो कागदावर लिहून घेतला. मग लेक आमच्या नेहमीच्या रंगाच्या दुकानात गेली. मालकाला म्हणाली, ‘‘रंग तुमचा, आठ हजार रुपये मजुरी, आणि तुमच्या दुकानाचं नाव भिंतीच्या खाली, एक वीत उंचीच्या अक्षरात. त्याहून मोठं नाही.’’ मालक थोडा कुरकुरला, मग म्हणाला, ‘‘अक्षरं आजोबा लिहिणार असतील तर चालेल.’’

पाऊस पूर्ण थांबेपर्यंत बाबांनी हात लावू दिला नाही. ओल्या भिंतीवर रंग म्हणजे तापावर पावडर, असं त्यांचं म्हणणं. नोव्हेंबरात भिंत घासली, भेगा बुजवल्या, प्रायमर मारला, दोन दिवस सुकू दिली. परांची बांधायच्या दिवशी गट सोडून गेलेला मुलगा आपली शिडी घेऊन आला. कुणी काही विचारलं नाही. चहा एक कप जास्त मागवला.

चित्र साधं होतं. पिवळ्या धम्मक भिंतीवर सायकलवरून पाळीला निघालेली माणसं. हँडलला डबा, डोक्याला हेल्मेट, काहींच्या मागे शाळेत सोडायचं पोर. पूर्वी पाळी सुटली की भिलाईचे रस्ते असेच सायकलींनी भरायचे, ते मी लहानपणी पाहिलंय. सायकलींची चाकं छत्तीसगढी मुलीने बोटांनी काढली, तिच्या घरच्या नक्षीसारखी.

आणि अनुभव? तो असा. रविवारी बाबा खुर्ची टाकून बसले, शेजारी पाटी: ‘आपके घर से कौन जाता था? कौन सा विभाग, कौन सी पाली?’ कुणीही यावं आणि सांगावं. बाबा प्रत्येक सायकलच्या डब्यावर तेवढंच लिहिणार. नाव नाही, फक्त विभाग आणि पाळी. कोक ओव्हन, ए पाळी. रेल मिल, सी पाळी. प्लेट मिल. धमनभट्टी.

आम्हाला वाटलं होतं, दहा-बाराजण येतील. सकाळी नऊपासून रांग लागली. भाजी घेऊन निघालेल्या बायका थांबल्या. मुलं आपल्या आजोबांना फोन करून विचारू लागली, ‘‘दादाजी, आप कौन से शॉप में थे?’’ एका मुलाने फोन ठेवून आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘मला हे माहीतच नव्हतं.’’ रेल मिलमधले एक निवृत्त काका लहान मुलांना सांगत बसले की इथे १३० मीटर लांबीचा एकसंध रूळ तयार होतो, तुम्ही ज्या गाडीने मामाच्या गावाला जाता तिच्याखाली तो असू शकतो. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. ते आपले उभे राहिले आणि बोलत राहिले.

दुपारी एक बाई आल्या. साठीच्या असतील. म्हणाल्या, ‘‘बी पाली. विभाग मत लिखिए, सिर्फ बी पाली.’’ बाबांनी लिहिलं. त्या बघत उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, ‘‘नौ साल हो गए उनको गए. आज भी रात दस बजे के बाद नींद खुल जाती है, कि आते होंगे.’’ त्यांनी पिशवीतून चार पेरू काढून बाबांच्या खुर्चीवर ठेवले आणि गेल्या.

संध्याकाळपर्यंत सगळे डबे भरले. उरलेल्यांसाठी बाबांनी चिखलरोधक पत्र्यांवर, मडगार्डवर लिहिलं. हात थरथरत होता म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरून लिहीत होते. मी त्यांना पाणी द्यायला गेले तेव्हा म्हटलं, ‘‘बाबा, त्या दिवशी मी तुम्हाला बोलायला नको होतं.’’ ते म्हणाले, ‘‘ब्रश धुऊन आण.’’ आमच्या घरात माफी एवढ्यावरच मिळते.

रंगवाल्या मालकाचं म्हणाल, तर दिवाळी उलटून गेली होती तरी लोक दुकानात येऊन ‘वो दीवार वाला पीला’ मागत होते. एक वीतभर नावाने त्याचं काम केलं होतं.

आधी विचारायचे प्रश्न

तुमच्या घरातही कुणी भिंती रंगवायची, रस्त्यावर काही करायची स्वप्नं बघत असेल. त्यांना नाउमेद करू नका, पण काही गोष्टी आधीच कागदावर आणायला सांगा. भिंतीच्या मालकाची लेखी परवानगी, आणि जागा सार्वजनिक असेल तर पालिकेचीही. पैसे किती, कधी, आणि कच्चं चित्र नाकारलं तर त्याच्या मेहनतीचे किती. नाव किंवा लोगो केवढ्या आकाराचा. चित्र किती दिवस ठेवणार आणि पुसायच्या आधी कळवणार का. आणि कलाकाराचं नाव भिंतीवर कुठे.

हे शेवटचं किरकोळ समजू नका. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं मोठं भित्तिशिल्प होतं. १९७९ मध्ये ते काढून गोदामात टाकलं गेलं. ते कोर्टात गेले, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. कलाकृती विकली तरी तिची विटंबना होऊ न देण्याचा हक्क निर्मात्याकडे राहतो, हे आपल्या कॉपीराइट कायद्यात आहे. मुलांना हे माहीत असायला हवं.

आणि आणखी एक प्रश्न, जो लेक आता प्रत्येक कामाच्या आधी विचारते. यातून लोगो पुसला, तर रस्त्याला काय उरतं? संतूरमधून चहा काढला तर पाऊस उरतो. ससून डॉकवरून रंगाची कंपनी काढली तर कोळणी उरतात. त्या गरम खोलीतून बाटली काढली तर नुसती गरम हवा. जाहिरात वाईट नसते. गणपतीच्या कमानीने कुणाचं वाईट केलं नाही. पण ज्यांच्या रस्त्यावर आणि ज्यांच्या आयुष्यावर ती उभी राहते, त्यांना त्यात स्वतःची ओळख पटली पाहिजे.

पोट भरतं का, हे विचाराल, तर अजून नाही. लेक सकाळी एका शाळेत चित्रकला शिकवते. त्या भिंतीनंतर गटाला एका दवाखान्याचं आणि एका शाळेचं काम मिळालं, दोन्ही छोटी. वेल्डिंगवाला मुलगा आता जुन्या सायकलींच्या सुट्या भागांतून काहीतरी घडवतोय, काय ते आम्हाला दाखवत नाही.

भिंतीचा पिवळा उन्हाने थोडा उतरलाय. एका डब्यावर कुणीतरी खडूने आपलं नाव लिहिलंय. बाबांना वाईट वाटेल म्हणून मी पुसायला निघाले होते. ते म्हणाले, ‘‘राहू दे. त्याला वाटलं नं आपलं.’’

पुढच्या रविवारी भाजीला निघाल तेव्हा तुमच्या वाटेवरच्या भिंतीकडे जरा थांबून बघा. आणि घरी एखादे आजोबा-आजी असतील, तर त्यांना विचारा, ते नोकरीत नेमकं काय करत होते. विभाग आणि पाळी एवढंच विचारा. पुढचं ते आपणहून सांगतील.